जत्रांचा हंगाम आणि संहितेविना नाटक

त्रिपुरारी पौर्णिमा आली की सिंधुदुर्गात नाट्यहंगाम उघडतो. आरोलकर, मोचेमाडकर, वालावलकर अशी दशावतारी मंडळं देवळादेवळांतल्या जत्रांना फिरू लागतात. तिकीट नाही. रात्री उशिरा सुरू झालेला खेळ पहाटे दहीकाल्यानेच थांबतो. लिहिलेली संहिता नसते म्हणून अनेकजण दशावताराला कच्चं नाटक समजतात. मला हे अजिबात पटत नाही. आख्यान, म्हणजे त्या रात्रीची कथा, ठरतं आणि नट रंगमंचावरच संवाद रचतात. त्यासाठी पुराणकथा तोंडपाठ हवी, समोरच्याच्या वाक्याला तिथल्या तिथे तोलाचं उत्तर हवं आणि पेटी, पखवाज, झांज यांच्या लयीत पदही हवं. पाठांतरापेक्षा ही तयारी कठीण आहे.

कथा त्याच त्याच असतात, हा आक्षेप खरा आहे, पण कथा माहीत असल्यानेच प्रेक्षकाचं लक्ष ती कशी रंगते याकडे जातं. संकासुर या विनोदी राक्षसपात्राच्या मालवणी फिरक्यांत तर गावातली ताजी गोष्टही येते. ट्रिकसीन, म्हणजे चमत्कारांची दृश्यं, आणि भपका वाढल्याची तक्रार मात्र मला रास्त वाटते, कारण त्यात शब्दाला मिळणारा वेळ जातो. यंदा जत्रेला जाल तर आख्यानाआधीच्या पूर्वरंगातल्या गणपतीपासून बसा.