साडेचारशेंच्या वर्गात शेजाऱ्याशी बोला

पवईच्या आयआयटीत इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला प्रोग्रॅमिंगचा एक कोर्स असतो, सीएस 101. शाखा मेकॅनिकल असो की केमिकल, तो करावा लागतो. वर्गात कोणी आठवीपासून कोड लिहीत आलेला असतो, तर कोणी ‘लूप’ हा शब्द पहिल्यांदाच ऐकत असतो. असे साडेचारशे जण एकाच सभागृहात. एवढ्या गर्दीला शिकवायचं म्हणजे माइक हातात घेऊन तासभर बोलायचं, दुसरं काय करणार, असंच कोणालाही वाटेल.

तिथे एक वेगळी गोष्ट घडली आणि ती कोणीतरी नीट मोजलीसुद्धा. तिथल्याच प्राध्यापक सहाना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या विद्यार्थी-संशोधकांचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. या वर्गात मधूनमधून लेक्चर थांबवून मुलांना कामाला लावलं जाई. अशी 13 सत्रं दहा आठवड्यांत निरीक्षकांनी प्रत्यक्ष वर्गात बसून पाहिली. कोण लिहितंय, कोण शेजाऱ्याशी प्रश्नावरच बोलतंय, कोण भलतीकडे बघतंय, हे त्याच क्षणी टिपलं. सरासरी 83 टक्के मुलं कामात गुंतलेली आढळली. साडेचारशेतली जवळपास पावणेचारशे! मोठ्या वर्गाच्या शेवटच्या रांगेत ज्यांनी कधी लेक्चर काढलं आहे, त्यांना हा आकडा किती अचाट आहे ते कळेल.

यासाठी त्यांनी वापरलेली रीत ऐकायला अगदी साधी आहे. आधी प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा आणि वहीत उत्तर लिहायचं. मग शेजाऱ्याशी जोडी करून बोलायचं. शेवटी सगळ्या वर्गात चर्चा. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या फ्रँक लायमन यांनी 1981 साली ही रीत मांडली. ‘थिंक-पेअर-शेअर’ या नावाने ती शाळांमधून जगभर गेली. त्यातल्या क्रमात खरी करामत आहे. सुरुवातीलाच गप्पांना मोकळीक दिली, तर चुणचुणीत मुलगा बोलतो आणि दुसरा मान डोलावतो. आधी स्वतःचं काहीतरी, चुकीचं का असेना, कागदावर उतरलं असेल, तर बोलायला हातात काहीतरी असतं.

एक उदाहरण घेऊ. माझंच आहे, पण प्रोग्रॅमिंग शिकवणारे सगळे ते ओळखतील. ‘अ’ या व्हेरिएबलमध्ये 5 आहे, ‘ब’मध्ये 8. दोघांची अदलाबदल करायची आहे. एका मुलाने दोन ओळी लिहिल्या: आधी अ = ब, मग ब = अ. आता कशात काय असेल?

लेक्चरमध्ये सर उत्तर सांगून पुढे जातात आणि सगळ्यांना ते पटल्यासारखं वाटतं. इथे मात्र दोन मिनिटं शांतता. एकाने लिहिलं, ‘अ’मध्ये 8, ‘ब’मध्ये 5. झाली अदलाबदल. शेजारणीने लिहिलं, दोन्हींत 8. मग बोलणं सुरू. ‘अगं, पहिल्या ओळीत ब गेला अ-मध्ये, दुसऱ्या ओळीत अ गेला ब-मध्ये, सरळ आहे.’ ‘पण दुसऱ्या ओळीला अ-मध्ये आहे काय?’ ‘5.’ ‘5 कुठून? आत्ताच तर तू त्यात 8 टाकलास.’ मुलगा गप्प होतो. थोड्या वेळाने विचारतो, ‘मग 5 गेला कुठे?’

हा प्रश्न पडण्यासाठीच तर सगळा खटाटोप! एका पेल्यातला चहा आणि दुसऱ्यातलं दूध यांची अदलाबदल करायला तिसरा रिकामा पेला लागतो. तसं इथे तिसरं व्हेरिएबल लागतं, हे मग कोणी सांगावं लागत नाही. आणि कॉम्प्युटर समीकरण सोडवत नाही, तर ओळीमागून ओळ हुकूम पाळत जातो, एवढी मोठी गोष्ट त्या मुलाला त्या क्षणी उमगते. पवईच्या पहिल्या अभ्यासानंतर पुढच्याच वर्षी त्याच कोर्समधला दुसरा अभ्यास आला. या रीतीने शिकलेल्या गटाची नंतरच्या चाचणीतली कामगिरी लेक्चर ऐकलेल्या गटापेक्षा लक्षणीय सरस होती.

इथे एक शंका येणारच. जोडीतल्या एकाला येत असेल, तर तो दुसऱ्याला सांगेल, यात नवल ते काय? पण दोघांनाही येत नसेल तर?

कोलोरॅडो विद्यापीठातल्या मिशेल स्मिथ आणि सहकाऱ्यांनी नेमकं हेच तपासलं. त्यांचा 2009 सालचा निबंध मी जेव्हा जेव्हा काढतो तेव्हा थक्क होतो. जनुकशास्त्राच्या वर्गात प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर दिलं: सरासरी 52 टक्के बरोबर. शेजाऱ्यांशी बोलून पुन्हा त्याच प्रश्नाचं उत्तर दिलं: 68 टक्के. बरोबर उत्तर कुठलं, हे अजून कोणालाच सांगितलेलं नव्हतं. मग तिसऱ्यांदा, त्याच तत्त्वावरचा पण वेगळ्या रूपातला प्रश्न, पुन्हा एकट्याने सोडवायचा. शेजाऱ्याचं उत्तर नुसतं उचललं असतं, तर इथे आकडा घसरायला हवा होता. तो 73 वर गेला. आणि ज्या गटात सुरुवातीला एकालाही उत्तर येत नव्हतं, त्यांचीही समज चर्चेने वाढलेली दिसली. न येणारे एकत्र बसले आणि त्यांना यायला लागलं! आपलं म्हणणं मोठ्याने मांडताना त्यातली फट आधी आपल्याच कानाला कळते, यापलीकडे मला याचं कारण देता येत नाही. कांजूरमार्गपासून दादरपर्यंत लोकलमध्ये उभ्याउभ्या एकमेकांना व्हायव्हाचे प्रश्न विचारणाऱ्या मुलांना हे बहुधा ठाऊक असतं.

हार्वर्डचे भौतिकीचे प्राध्यापक एरिक माझूर यांना तर हे अपघातानेच सापडलं. मुलांकडून त्यांच्या शिकवण्याला उत्तम शेरे मिळत. पण न्यूटनच्या नियमांवरचे साधे, आकडेमोड नसलेले प्रश्न दिले, तेव्हा मुलं अडखळली. एकीने तर विचारलं की उत्तर तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहू, की मला एरवी वाटतं तसं? एक प्रश्न परोपरीने समजावूनही कळेना, तेव्हा हताश होऊन ते म्हणाले, आपसात बोला. सभागृहात एकच गलका झाला आणि काही मिनिटांत बऱ्याच जणांना उलगडा झाला. 1991पासून त्यांनी शिकवण्याची तीच पद्धत केली.

मग हे सगळीकडे का होत नाही? एक कारण मुलांच्याच मनात आहे. 2019 साली हार्वर्डमध्येच लुई देलोरिए आणि सहकाऱ्यांनी भौतिकीच्या मुलांना काही विषय छान, ओघवत्या व्याख्यानातून आणि काही स्वतः झटापट करायला लावून शिकवले. चाचणीत झटापट केलेले जास्त शिकलेले निघाले. पण ‘किती शिकलात’ असं विचारल्यावर व्याख्यान ऐकलेल्यांनीच ‘जास्त’ म्हणून सांगितलं. डोक्याला पडलेला ताण मुलांना न कळल्याची खूण वाटतो. म्हणून सत्राच्या सुरुवातीलाच त्यांना हे मोकळेपणी सांगायला हवं, नाहीतर ‘मॅडम शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात’ अशी तक्रार ठरलेली.

दुसरं कारण अशा रीती शिक्षकांपर्यंत पोचण्याचं. पवईतूनच प्राध्यापक दीपक फाटक यांनी केंद्र सरकारच्या मोहिमेतून दहा हजार शिक्षकांच्या प्रशिक्षणाचा घाट घातला. शिक्षक आपल्या जवळच्या कॉलेजात जमत आणि पवईची कार्यशाळा थेट पडद्यावर बघत. पण मुलुंडच्या किंवा पार्ल्याच्या एखाद्या कॉलेजातल्या शिक्षकाला सुरुवात करायला पडदाही लागत नाही आणि जागची न हलणारी लांब बाकंही आड येत नाहीत. शेजारी तर शेजारीच बसलेला असतो. लागतो फक्त चांगला प्रश्न, आणि तोच सगळ्यात अवघड. माझूर यांच्या अनुभवात साधारण 30 ते 70 टक्के मुलांचं उत्तर पहिल्या खेपेला बरोबर आलं, तर चर्चेत जीव येतो. त्याहून कमी असेल तर आधी थोडं समजवावं, जास्त असेल तर वेळ न दवडता पुढे जावं. हे मोजायला यंत्र नको. चार पर्याय फळ्यावर लिहायचे, लिहायला दोन मिनिटं द्यायची, आणि मग एक ते चार बोटं छातीशी धरायला सांगायची. बोटं डोक्यावर धरली तर मागचे बघून उत्तर बदलतात. छातीशी धरली की ती फक्त फळ्याजवळ उभ्या असलेल्या शिक्षकाला दिसतात.