मालदीवची सहल : बेटावर दुकान एकच असते तेव्हा

आठ दिवस दुकान बंद ठेवून घरच्या मंडळींना परदेशी समुद्रकिनारी न्यायचे, ही हौस आता आमच्या व्यापारी आणि कारागीर बांधवांतही आली आहे. त्यात मालदीवचे नाव आधी निघते. मुंबईहून विमानाने सुमारे तीन तास, भारतीय पासपोर्टवर व्हिसा उतरल्यावर मोफत, आणि देश मुसलमानांचा, म्हणून खाण्यापिण्याची चिंता नाही असा समज. हा समज अर्धाच खरा आहे. आणि टूरवाल्याच्या कागदावरचा आकडा हा कच्चा भाव असतो, पक्के बिल नव्हे.

मालदीवची बेटे सुमारे १,२००. त्यांपैकी लोकवस्तीची २०० च्या आत. उरलेल्यांतील काही बेटे हॉटेल कंपन्यांना भाडेपट्ट्याने दिली जातात, एका बेटावर एक रिसॉर्ट. पहिले रिसॉर्ट १९७२ साली राजधानी मालेजवळच्या नारळबागेच्या बेटावर निघाले. त्याचे नाव कुरुम्बा, म्हणजे त्यांच्या दिवेही भाषेत शहाळे. व्यापाऱ्याला यातली मेख समजावून सांगायला नको. जेथे दुकान एकच, तेथे पाण्याच्या बाटलीचा भावही दुकानदारच ठरवणार. पोराने आइस्क्रीम मागितले तर समोरच्या टपरीवर जाऊ म्हणता येत नाही. समोर समुद्र असतो.

बिलाचेच पाहा. भावापुढे अनेकदा दोन अधिक चिन्हे छापलेली असतात. पहिले १० टक्के सेवा आकाराचे; दुसरे त्या बेरजेवर लागणाऱ्या पर्यटन जीएसटीचे, जो जुलै २०२५ पासून १७ टक्के आहे. म्हणजे १०० डॉलरचे जेवण १२८ डॉलर ७० सेंटला पडते. शिवाय हरित कर, जानेवारी २०२५ पासून रिसॉर्टवर माणशी दर रात्री १२ डॉलर. सहा माणसे, पाच रात्री, झाले ३६० डॉलर; खोलीचे भाडे वेगळेच. आमच्या घरातून तर दादा-दादी आणि एखादी फूफी बरोबर निघणारच, आणि तेथील खोल्या बहुधा दोन मोठी माणसे व दोन मुले एवढ्याच हिशेबाच्या. जाहिरातीत दिसणाऱ्या पाण्यावरच्या खोल्यांत लहान मुलांना अनेक ठिकाणी घेतच नाहीत.

दूरच्या बेटांवर समुद्री विमानाने जावे लागते. त्याचे भाडे माणशी काही शे डॉलर, आणि ते फक्त उजेडात उडते. आपले विमान संध्याकाळी उतरले तर ती रात्र मालेकडेच काढावी लागते, आपल्या खर्चाने. घरात मधुमेहाचे किंवा हृदयाचे बुजुर्ग असतील तर ही गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे. मोठी इस्पितळे मालेच्या बाजूला आहेत. रात्री दोन वाजता छातीत कळ आली तर तेथे कसे पोहोचणार, हे आधी विचारून घ्यावे. स्पीडबोटीने तासाभरात गाठता येईल असेच बेट अशा कुटुंबाने निवडावे, मग ते कमी देखणे असले तरी चालेल.

रिसॉर्टची बाजू अगदीच लंगडी आहे असे नव्हे. दारातून पाऊल टाकले की वाळू, उथळ निवळ पाणी, गाडीघोड्याची भीती नाही. आणि घरातील बाई, जी वर्षभर चुलीपासून हलत नाही, तिला बसल्या जागी ताट मिळते. हा फायदा खर्चाच्या वहीत लिहिता येत नाही, म्हणून तो विसरू नये.

आता हलालचे. वस्तीच्या बेटांवर दारू आणि डुकराचे मांस दोन्हींना बंदी. रिसॉर्टवर मात्र परदेशी पाहुण्यांसाठी दोन्ही मिळतात. तेव्हा भांडी आणि पाकगृह वेगळे आहे का, रश्श्यात वाइन घालतात का, हे स्पष्ट विचारावे. विचारण्यात संकोच कसला? पैसे आपण मोजतो आहोत. नमाजेची अडचण सहसा येत नाही, बहुतेक रिसॉर्टांवर कामगारांसाठी मशीद असते.

आमचे मत विचाराल तर मोठ्या कुटुंबाने वस्तीचे बेट पाहावे. २००९ नंतर तेथे गेस्ट हाऊसना वाट मोकळी झाली, आणि मालेच्या दक्षिणेचे माफुशी त्यात पुढे आले. लहान गेस्ट हाऊसला हरित कर निम्मा, सहा डॉलर. दुकाने आणि खाणावळी अनेक, म्हणून भावही ताब्यात. सकाळी मास हुनी, म्हणजे टुना मासळी, खोबरे, कांदा आणि मिरची, सोबत रोशी नावाची चपाती. कोकणच्या माणसाला हे परके वाटणार नाही. परदेशी पाहुण्यांच्या पोहण्याच्या पोशाखासाठी किनाऱ्याचा एक तुकडा आडोशाने वेगळा ठेवलेला असतो. इतरत्र स्थानिक स्त्रिया अंगभर कपड्यांतच पाण्यात उतरतात, त्यामुळे आमच्या स्त्रियांना अवघडल्यासारखे होत नाही. उणीव अशी की खोल्या लहान, गल्ल्या दाट, आणि शेजारी बांधकाम चालू असले तर दुपारची झोप गेली. रिसॉर्टची हौस भागवायचीच असेल तर तेथून एका दिवसापुरता प्रवेश देणारी रिसॉर्टे आहेत. चार रात्री गेस्ट हाऊस आणि एक दिवस रिसॉर्ट, हा हिशेब बरा बसतो.

मोसमाचेही भान हवे. डिसेंबर ते एप्रिल कोरडे हवामान आणि चढा भाव. मे ते ऑक्टोबर पाऊस, लाटा आणि उतरता भाव. आमच्या शाळांची मे महिन्याची सुटी नेमकी पावसाच्या तोंडावर येते, त्यामुळे मे मध्ये स्वस्त मिळाले म्हणून फसवणूक झाली नाही असे समजू नका. स्वस्ताईचे कारण आभाळात असते. बयाणा देण्यापूर्वी सेवा आकार, दोन्ही कर आणि बोटीचे जाणे-येणे धरून एकच आकडा टूरवाल्याकडून लेखी घ्यावा. शुक्रवारी बोटींचे वेळापत्रक वेगळे असते, तेव्हा परतीचे तिकीट काढताना तो वार टाळलेला बरा.