द्रव्यनिर्देशन, संगणकसाहाय्यित अभिकल्पातील

संगणकाच्या साहाय्याने आखलेल्या यंत्रभागाच्या आकृतीला तो भाग ज्या द्रव्याचा (उदा., पोलाद, ओतीव बीड, ॲल्युमिनियमाची मिश्रधातू, नायलॉन) बनवावयाचा असेल, त्या द्रव्याचे नाव व गुणधर्म जोडून देण्याच्या क्रियेस द्रव्यनिर्देशन म्हणतात. नुसत्या आकृतीवरून भागाची मापे, पृष्ठफळ व घनफळ एवढेच कळते. भागाचे वजन, भाराखाली होणारे वाकणे, उष्णतेने होणारे प्रसरण, तसेच अनेक भागांच्या जुळणीचा गुरुत्वमध्य या गोष्टी द्रव्य ठरल्यावाचून काढता येत नाहीत.

पूर्वी कागदावरील आराखड्यात द्रव्याचे नाव भागांच्या यादीत लिहिले जाई. ती कारागिरास व खरेदी विभागास दिलेली सूचना असे. १९६३ मध्ये इव्हान सदरलँड यांनी मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत ‘स्केचपॅड’ ही आज्ञावली सादर केली. तिच्यात संगणकाच्या पडद्यावर थेट आकृती काढता येत असे. १९७०–८० या दशकात वस्तूचे घनरूप प्रतिमान संगणकात साठविण्याच्या पद्धती पुढे आल्या. घनफळ संगणकालाच काढता येऊ लागल्याने द्रव्य ही केवळ सूचना न राहता आकडेमोडीचा आधार बनली.

गुणधर्म : आज्ञावलीसोबत सामान्यतः द्रव्यांचा एक संग्रह दिलेला असतो. त्यातील प्रत्येक नोंदीत घनता, यंग स्थितिस्थापकता गुणांक, प्वासाँ गुणोत्तर, औष्णिक प्रसरण गुणांक, औष्णिक संवाहकता, कायमचा आकारबदल सुरू करणारे प्रतिबल इ. मूल्ये असतात. कोणत्या गणनेस कोणते मूल्य लागते हे वेगवेगळे असते. वजनास घनता पुरते. वाकण्याच्या गणनेस यंग गुणांक लागतो, तर नैसर्गिक कंप्रता काढण्यास घनता व यंग गुणांक ही दोन्ही लागतात. लाकूड किंवा तंतुयुक्त संमिश्र द्रव्य यांचे गुणधर्म दिशेनुसार बदलतात. म्हणून तेथे तंतूंची दिशाही नोंदवावी लागते.

उदाहरण : २०० मिमी. लांब, १०० मिमी. रुंद व १० मिमी. जाड अशा पट्टीचे घनफळ २०० घ. सेंमी. असते. पोलादाची घनता ७·८५ ग्रॅ./घ. सेंमी. धरल्यास तिचे वस्तुमान १·५७ किग्रॅ. व ॲल्युमिनियमाची घनता २·७० धरल्यास ०·५४ किग्रॅ. येते. ही पट्टी एका टोकाशी घट्ट बसवून दुसऱ्या टोकावर २०० न्यूटन भार दिल्यास (पट्टीचे स्वतःचे वजन न धरता) पोलादी पट्टीचे टोक सु. ०·३ मिमी. आणि ॲल्युमिनियमाचे सु. ०·९ मिमी. खाली येते. कमाल प्रतिबल मात्र दोन्ही पट्ट्यांत २४ न्यूटन/चौ. मिमी. एवढेच असते; कारण अशा साध्या आधाराच्या बाबतीत ते भार व आकार यांवर अवलंबून असते, द्रव्यावर नव्हे. त्यामुळे प्रतिबलाचे रंगीत चित्र पाहून चुकीचे द्रव्य जोडले गेल्याचे कळून येत नाही. ते प्रतिबल भाग सहन करील की नाही, याचा निर्णय मात्र सर्वस्वी द्रव्यावर ठरतो.

द्रव्याचे सामान्य नाव पुरेसे नसते. ६०६१ या ॲल्युमिनियम मिश्रधातूत मऊ केलेल्या स्थितीत सु. ५५ न्यूटन/चौ. मिमी. प्रतिबलास कायमचा आकारबदल सुरू होतो. टी६ या उष्णता संस्करणानंतर हीच मर्यादा सु. २७५ पर्यंत जाते. यंग गुणांक दोन्ही स्थितींत जवळजवळ सारखाच राहतो. म्हणून प्रत व संस्करण यांचाही निर्देश करावा लागतो.

चुकांची कारणे : (१) द्रव्य नेमले नसल्यास काही आज्ञावली १ ग्रॅ./घ. सेंमी., म्हणजे पाण्याएवढी, घनता गृहीत धरतात. वरील पोलादी पट्टी मग केवळ २०० ग्रॅ. वजनाची दिसते. (२) पडद्यावरील रंग व चकाकी हा स्वतंत्र गुण असू शकतो. पोलादासारखा दिसणारा भाग गणनेत पोलादाचा असेलच असे नाही. (३) मिमी., न्यूटन व सेकंद ही एकके वापरल्यास त्यांच्याशी सुसंगत वस्तुमानाचे एकक टन हे असते आणि पोलादाची घनता ७·८५ × १०⁻⁹ टन/घ. मिमी. अशी द्यावी लागते. तेथे किलोग्रॅममधील ७·८५ × १०⁻⁶ हा आकडा घातल्यास वस्तुमान हजारपट होते व नैसर्गिक कंप्रता सु. ३२ पटींनी कमी येते. (४) एका आज्ञावलीतून दुसरीत प्रतिमान नेताना अनेकदा आकार तेवढा पोहोचतो व द्रव्याची नोंद गळते. (५) विकत घेतलेल्या विद्युत् चलित्रासारख्या भागाचे केवळ बाह्य कवच आखलेले असते. त्याला भरीव पोलाद मानणे चूक ठरते; तेथे प्रत्यक्ष वजन करून वस्तुमान थेट नोंदविणे योग्य होय.

अशा चुका झाल्या तरी संगणक गणना पूर्ण करतो आणि उत्तर अनेक दशांश स्थळांपर्यंत देतो. ही अचूकता आकडेमोडीची असते. गृहीत धरलेल्या द्रव्याची नसते. उचल यंत्राच्या आकड्याची वा वाहनाच्या आसाची जाडी अशा उत्तरावर ठरविली, तर चुकीचा परिणाम भाग वापरात आल्यावरच दिसतो. यासाठी प्रत्येक भागाचे वजन ढोबळ हिशेबाने पडताळणे, संग्रहातील मूल्ये संबंधित मानकाशी व पुरवठादाराच्या चाचणी प्रमाणपत्राशी ताडणे आणि पहिला नमुना तयार होताच तो तोलून पाहणे आवश्यक असते. आराखड्यावरील द्रव्याचे नाव, गणनेत वापरलेले द्रव्य व कार्यशाळेत प्रत्यक्ष वापरले गेलेले द्रव्य ही तिन्ही एकच असतील, तरच संगणकाने काढलेले उत्तर त्या भागास लागू पडते.