औंधला यात्रेला गाडी नेताय?
पौषात यमाईच्या यात्रेला येणाऱ्यांनो, मूळपीठ डोंगराखाली बाईक लावताना नुसत्या हँडल लॉकवर विसंबू नका. जोरदार हिसक्यात तो तुटतो. जाड साखळी चाकासकट चेसिसमधून ओवून खांबाला बांधा. फक्त चाक बांधलं, तर चोर चाक सोडून बाकीची गाडी नेतो!

घरी शेतावर एटीव्ही (खडबडीत रानात चालणारी चारचाकी बाईक) असेल, तर तिची काळजी याहून जास्तच. तिला बहुधा आरटीओचा नंबर नसतो, म्हणून चेसिस-इंजिन नंबरचा फोटो आणि खरेदीची पावती जपा. शेडच्या काँक्रीटमध्ये लोखंडी कडी बसवून घ्या. ट्रेलरवरून नेताना ट्रेलरच्या हुकालाही कुलूप हवं.

नुसत्या थर्ड पार्टी विम्यात चोरीची भरपाई मिळत नाही. अनेकांना हे चोरीनंतर कळतं. गाडी गेलीच, तर आधी ११२ ला फोन करा.