बायोडिझेलमधला उरलासुरला मळ

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात २९ सप्टेंबर २००५ पासून डिझेलमध्ये २ टक्के बायोडिझेल मिसळणं सक्तीचं झालं. सोयाबीन पिकवणाऱ्या या राज्याला त्याचं मोठं अप्रूप होतं. पण तीन महिने व्हायच्या आत कडाक्याची थंडी पडली आणि ट्रकांचे फिल्टर तुंबू लागले. डिसेंबरात सक्ती तात्पुरती थांबवावी लागली. काही बायोडिझेलमध्ये ग्लिसरीन मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं.

ती मर्यादा केवढी? एकूण ग्लिसरीन ०.२४ टक्के, त्यातलं मोकळं ०.०२ टक्के. भारताचं आयएस १५६०७ हे मानकही जवळपास तेवढंच, म्हणजे ०.२५ आणि ०.०२ टक्के मान्य करतं.

तेलाच्या रेणूत ग्लिसरीनला तीन मेदाम्लं जोडलेली असतात. मिथेनॉल आणि उत्प्रेरक घातलं की ती एकेक करून सुटतात आणि त्यांची मिथाइल एस्टर तयार होतात, तेच बायोडिझेल. तिन्ही सुटली तर ग्लिसरीन तळाशी बसतं आणि वेगळं काढता येतं. एखादं चिकटून राहिलं तर मात्र मोनोग्लिसराइड उरतं. ते इंधनात विरघळून राहतं आणि गारठा वाढला की बाहेर पडतं.

घरगुती पातळीवर बायोडिझेल करणारे एक सोपी चाचणी करतात. २७ मिलिलीटर मिथेनॉलमध्ये ३ मिलिलीटर बायोडिझेल घालून बाटली हलवायची. न बदललेलं तेल असेल तर त्याचे थेंब तळाशी जमतात. पण मोनोग्लिसराइड मिथेनॉलमध्ये विरघळतं, त्यामुळे खरा त्रास देणारा घटक इथे दिसतच नाही.

त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो. जेमतेम १०० मिलिग्रॅम नमुना तोलून घेतात. ग्लिसरीनसारखे रेणू सहजी वाफ होत नाहीत, म्हणून एमएसटीएफए नावाचं रसायन घालून पाव तास थांबतात. ते रेणूंच्या हायड्रॉक्सिल टोकांना झाकून टाकतं. मग हेप्टेन घालून अगदी बारीक थेंब यंत्रात सोडतात. भट्टी ५० अंशांपासून ३८० अंश सेल्सियसच्या आसपास तापत जाते आणि आलेखावर आधी ग्लिसरीन, मग एस्टर, त्यामागे मोनो, डाय आणि ट्रायग्लिसराइड अशी शिखरं उमटतात. नमुन्यात पाणी असेल तर ते एमएसटीएफए खाऊन टाकतं आणि आकडे फसतात. इथे हात सरावाचाच हवा.

बाकीच्या मळाला वेगळी हत्यारं. पाण्यासाठी कार्ल फिशर यांची १९३५ सालची पद्धत: आयोडीन पाण्याशी ठरावीक प्रमाणात जुळतं, त्यावरून किलोमागे काही मिलिग्रॅम पाणीही पकडता येतं. उत्प्रेरकातून उरलेलं सोडियम, पोटॅशियम प्लाझ्माच्या ज्योतीत त्यांच्या प्रकाशावरून ओळखतात; दोन्ही मिळून मर्यादा किलोला ५ मिलिग्रॅम. मिथेनॉल मोजायचं तर नमुना बंद कुपीत ८० अंशांवर तापवून वरची वाफ तपासतात. थोडंसं मिथेनॉलही इंधनाचा ज्वलनांक झपाट्याने खाली आणतं, त्यामुळे ज्वलनांक १३० अंशांच्या वर असेल तर अमेरिकी मानक वेगळी मिथेनॉल चाचणी मागत नाही. कमी खर्चाची ही युक्ती फार शहाणपणाची आहे.

पण सगळे आकडे मर्यादेत असूनही फिल्टर तुंबल्याच्या तक्रारी येतच राहिल्या. सोयाबीन आणि पामतेलात स्टेरिल ग्लुकोसाइड नावाचे पदार्थ अत्यल्प प्रमाणात असतात. ग्लिसरीनची चाचणी त्यांना पकडत नाही. म्हणून २००८ मध्ये अमेरिकी मानकात एक साधीसुधी चाचणी आली. ३०० मिलिलीटर बायोडिझेल ४.४ अंशांवर १६ तास ठेवायचं, खोलीच्या तापमानाला आणायचं आणि ०.७ मायक्रॉनच्या काचतंतूच्या गाळणीतून ओढायचं. ३६० सेकंदांत गाळून झालं तर पास. कोणता पदार्थ किती, हे ती सांगत नाही, पण ट्रकच्या फिल्टरचं काय होईल याचा अंदाज थेट देते, आणि वाहन चालवणाऱ्याला तोच हवा असतो. २०१२ मध्ये तर थंडीसाठी वेगळी प्रतच ठरली: मोनोग्लिसराइड ०.४० टक्क्यांच्या आत आणि गाळणीला फक्त २०० सेकंद.