सुकाणूशी खेळणारे ऑर्का

जालन्याहून समुद्र गाठायचा तर अख्खी रात्र प्रवासात जाते. दरेगावला आपलं ‘बंदर’ आहे खरं, पण तेही कोरडं, म्हणजे ‘ड्राय पोर्ट’! तरी ऑगस्ट २०२५ मध्ये इथल्याही मोबाइलवर ऑर्का येऊन धडकला. जेसिका रॅडक्लिफ नावाच्या प्रशिक्षिकेला त्यानं भर खेळात मारल्याचा तो व्हिडिओ. अशी कुणी प्रशिक्षिका नव्हतीच. सगळा कृत्रिम बुद्धिमत्तेचा कारभार. गंमत म्हणजे स्पेन-पोर्तुगालजवळ ऑर्का शिडाच्या बोटी मोडतात, ही बातमी मात्र खरी आहे. तिला लावलेलं तिखटमीठ तेवढं खोटं.

‘किलर व्हेल’ या नावापासूनच घोळ सुरू होतो. ऑर्का हा डॉल्फिनच्या कुळातला सर्वांत मोठा प्राणी. मोकळ्या समुद्रात त्यानं माणूस मारल्याची खात्रीलायक नोंद नाही. माणसं दगावली ती बंदिस्त टाक्यांत. ‘टिलिकम’ या एकाच नराचं नाव तीन मृत्यूंशी जोडलं गेलं.

दुसरी लाडकी कथा सुडाची. म्हणे, एका मादीला बोटीनं जखमी केलं आणि तिनं कळपाला बदला घ्यायला शिकवलं. सिनेमाला शोभेल अशी गोष्ट आहे, पण तिला पुरावा नाही. बोटी मोडण्याचे प्रसंग २०२० पासून घडताहेत आणि त्यांत बहुधा लहान वयाचे ऑर्का पुढे असतात. २०२४ मध्ये माद्रिदला जमलेल्या तज्ज्ञांनी याला हल्ला नव्हे, तर खेळ मानलं. या कळपांचं मुख्य अन्न ट्यूना मासा. बोटीतल्या माणसांत त्यांना काडीचा रस नसतो. सुकाणू मोडलं की बऱ्याचदा ते आल्या वाटेनं निघून जातात.

म्हणून धोका नाही, असं मात्र नव्हे. शिडाच्या बोटीचं सुकाणू म्हणजे तळाखाली दांड्यावर लटकलेलं पातं. कित्येक टनांचा प्राणी डोक्यानं ते ढकलतो, तेव्हा वर बोटीतलं चाक गरगर फिरतं. ते धरून ठेवलं तर हात मोडायचा. दांडा वाकला की जिथून तो बोटीत शिरतो तिथं भेग पडते आणि पाणी आत येतं. काही बोटी अशाच बुडाल्या, माणसं वाचली.

‘इंजिन बंद करून गुपचूप थांबा, ते कंटाळून जातील,’ हा सल्ला सुरुवातीला दिला जायचा. आता स्पेनचं सरकार उलट सांगतं: थांबू नका, उथळ पाण्याकडे चला, माणसांनी काठापासून दूर, बोटीच्या मधोमध बसावं. उन्हाळ्यात जिब्राल्टरच्या परिसरातून जाताना किनारा धरून राहायचं, तेही याचसाठी. फटाके फोडणं, पाण्यात डिझेल ओतणं हे तोडगे तर निव्वळ अघोरी.

मग कोकणात शीड उभारणाऱ्यानं घाबरावं का? नाही. अरबी समुद्रात ऑर्का क्वचित दिसतो, पण सुकाणू मोडण्याची ही खोड प्रामुख्यानं स्पेन-पोर्तुगालजवळच्या त्या एका गटाची. आपल्या किनाऱ्याजवळ दिसतात ते बहुधा कुबडवाले डॉल्फिन. रात्री शिडवाल्यानं डोळ्यांत तेल घालून पाहायचं ते मच्छीमारांची जाळी आणि दिवा नसलेल्या होड्या. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या बोटीतून दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांची वाट फ्रीमँटल, लिटल्टन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन अशी दक्षिणेकडून होती. जिब्राल्टर त्यांच्या वाटेत आलंच नाही.

राहता राहिला प्रश्न, कोणी कोणाला भ्यायचं? सुकाणूशी खेळणारा तो ऑर्कांचा गट अतिसंकटग्रस्त यादीत आहे. त्यात उरलेत अवघे चाळीसच्या आसपास. एका एसटीत बसतील, एवढीच संख्या.