पॉलिहाऊसच्या मातीचं स्टॉक रजिस्टर

पॉलिहाऊसच्या व्हिडिओत कर्ज, सबसिडी, हप्ते सगळं मांडलं, पण मातीचा हिशोब घाईत राहिला. तो इथे निवांत लिहितो.

दुकानात आपण स्टॉक रजिस्टर ठेवतो. माल किती आला, किती गेला, शिल्लक किती. मातीत जाणाऱ्या झिंक, कॉपर, कॅडमियमचं रजिस्टर मात्र कुणी ठेवत नाही.

हे धातू येतात कुठून? कोंबड्यांच्या खाद्यात झिंक आणि कॉपर मुद्दाम घालतात. कोंबडीच्या अंगी त्यातलं थोडंच लागतं, बाकीचं विष्ठेतून बाहेर पडतं. गोठ्यात खुरांसाठी मोरचुदाचं पाणी वापरत असतील तर शेणखतातही कॉपर उतरतं. कॅडमियम कुणी घालत नाही, ते फॉस्फेटच्या खनिजासोबत येतं.

"पण सर, आम्ही खत चांगलं कुजवून टाकतो." उत्तम! जंतू मरतात, वास जातो. धातू मात्र कुजत नाही. ढीग निम्मा झाला की किलोमागे धातू उलट वाढलेला असतो.

आता आकडे. समजा १० गुंठ्यांत वर्षाला ५ टन कोंबडीखत टाकलं आणि त्यात किलोमागे ४०० मिलिग्रॅम झिंक आहे. म्हणजे आवक २ किलो. त्याच जागेतून १० टन ढोबळी मिरची विकली तरी फळांतून जावक वीसेक ग्रॅम. बाकी सगळं शिल्लक! वरच्या अर्ध्या फुटात साधारण २०० टन माती धरली, तर दरवर्षी किलोमागे जवळपास १० मिलिग्रॅमची भर. कर्ज सात वर्षांत फिटेल, ही शिल्लक फिटत नाही.

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कंपोस्टसाठी झिंक १०००, कॉपर ३०० आणि कॅडमियम ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो अशी कमाल मर्यादा आहे. पण ती मर्यादा खताच्या मालाला आहे. पास झालेलं खत तुम्ही किती वर्षं ओतताय, हे तिथे कुणी मोजत नाही.

चीनच्या शानडोंगमधल्या शौग्वांग भागात १९८९ नंतर भाजीची हरितगृहं झपाट्याने वाढली. तिथल्या जुन्या हरितगृहांच्या मातीत हेच तीन धातू साठलेले आढळले. आपली काळी, चुनखडीची माती धातू बऱ्यापैकी धरून ठेवते, पिकाला सहज देत नाही. पण पॉलिहाऊसला आपण काय करतो? लाल माती आणून भरतो! तिच्यात ही ताकद कमी, आणि अमोनियाची नत्रखतं सतत दिली की ती आम्ल होत जाते. मग कॅडमियम भाजीत शिरायला वाट मोकळी.

एक कबुली देतो. पानं पिवळी पडली म्हणून गिऱ्हाईक यायचं, मी सूक्ष्म अन्नद्रव्यांची पिशवी द्यायचो. झिंक-कॉपर जास्त झालं तरी लोह अडतं आणि पानं पिवळीच पडतात. त्या पिशवीत पुन्हा झिंक-कॉपर! आता आधी माती परीक्षणाचा कागद मागतो. दोन-चार गिऱ्हाइकं त्यामुळे तुटली, चालतंय.

तुम्ही सुरू करणार असाल तर पहिली खताची ट्रॉली उतरण्याआधी माती तपासा आणि तो रिपोर्ट कर्जाच्या फाइलीत ठेवा. झिंक-कॉपर दरवर्षी बघा. कॅडमियम नेहमीच्या तपासणीत येत नाही, प्रयोगशाळेला वेगळं सांगावं लागतं. खतवाल्याकडे रिपोर्ट मागा. नाही म्हणाला तर नमुना स्वतः तपासून घ्या, मगच वर्षाचा सौदा करा.